सामन्यापूर्वीचे चेंडू

चाळिशी उलटल्यावर मी टेनिस शिकू लागलो. जिमखान्याच्या लाल मातीवर पाणी शिंपून, रूळ फिरवून, फक्कीच्या रेघा नुकत्याच आखून झालेल्या असत, अशा प्रातःकाळी तेथील वृद्ध मार्करने माझ्या हाती रॅकेट दिली. चेंडू मात्र पंधरा दिवस दिला नाही. खांदा वळवावा, डावा हात रॅकेटच्या गळ्याशी ठेवून ती मागे न्यावी, गुडघे वाकवून खालून वर आणावी आणि डाव्या खांद्यावरून पलीकडे जाऊ द्यावी, एवढाच फोरहँडचा मूकाभ्यास. जाळे मध्यभागी ३ फूट आणि खांबांशी साडेतीन फूट उंच, कोर्टाची लांबी अवघी ७८ फूट. तेव्हा जोराने धाडलेला चेंडू जाळ्यावरून जाऊनही आतच उतरावा, तर त्याला पुढे लोळवणारी फिरकी हवी, आणि ती रॅकेटच्या त्या ऊर्ध्वगामी फेऱ्यातूनच लाभते, हे मला फार उशिरा उमगले.

चेंडू मिळाला तोही सर्व्हिसच्या रेघेच्या आत, जाळ्यापासून २१ फुटांच्या हद्दीत खेळण्यासाठी. मी पहिलाच चेंडू आवेशाने कोपऱ्यात मारला, तेव्हा मार्कर शांतपणे म्हणाला, "साहेब, मारू नका. मला द्या."

त्या दोन शब्दांनी माझ्या शिक्षणाची दिशा बदलली. समोरच्याच्या कमरेइतक्या उंचीवर, त्याला पाऊल उचलावे न लागता चेंडू पोहोचवायचा, तर तो स्वतःच्या शरीरापुढेच गाठावा लागतो, नजर अखेरपर्यंत त्यावर ठेवावी लागते, मूठ सैल राखावी लागते. बॅकहँडसाठी ती किंचित फिरवण्याचे भानही तेथेच येते. जे शंभर सूचनांनी साधले नव्हते ते देण्याच्या बुद्धीने साधू लागले. १९६० आणि १९६१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळलेले रामनाथन कृष्णन आपल्या वडिलांच्या हाताखाली शिकले, हे आठवले की वाटते, त्या मृदू हाताच्या खेळाडूलाही बालपणी कोणीतरी असेच असंख्य चेंडू प्रेमाने दिले असतील.

सामन्याआधी ५ मिनिटे प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांचे अंग मोकळे करून द्यावे, हा या खेळाचा जुना दस्तूर मला म्हणूनच अत्यंत प्रिय आहे. प्रथम दोघेही मागच्या रेघेवरून संथ फटके देतात. मग एकजण जाळ्यापाशी येतो आणि दुसरा त्याला व्हॉलीचे, नंतर स्मॅशचे उंच चेंडू पुरवतो. खांदा तापल्याखेरीज सर्व्हिस करू नये, म्हणून ती सर्वांत शेवटी.

गेल्या रविवारी एका अपरिचित तरुणाशी माझा सामना होता. माझा बॅकहँड दुबळा असल्याचे त्याने दुसऱ्याच चेंडूला हेरले असावे, कारण त्यानंतरचे आठ-दहा चेंडू त्याने त्याच बाजूला, एकसारख्या उंचीचे, हात बसेपर्यंत दिले. मग जाळ्याशी येऊन म्हणाला, "काका, आता मला थोड्या व्हॉली द्याल?"

मी खिशातला चेंडू काढला.