आहेरातला सायप्रस

तुर्कस्तानातल्या क्युताह्याच्या चिनीमातीसारख्या थाळीवरून बोट फिरवलं, की लाल रंग हाताला लागतो. निळा, फिरोजी, हिरवा झिलईखाली सपाट झोपलेले असतात; लोहाच्या मातीचा लाल तेवढा जाड थराने द्यावा लागतो, म्हणून पाकळी किंचित उठून येते. सोळाव्या शतकाच्या मध्याला हा रंग तिथल्याच इझनिक गावच्या कारागिरांना साधला. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीत तो अजून धगधगतो आहे. पुढच्या शतकात इझनिकच्या भट्ट्या थंडावत गेल्या. क्युताह्यात मात्र काम चालू राहिलं. त्यात आर्मेनियन कुंभारांचा हात मोठा.

या भांड्यांत माती कमीच, गारगोटीची पूड जास्त. नक्षी आधी कागदावर काढतात, रेषेरेषेवर सुईने भोकं पाडतात आणि कागद थाळीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकेच आपटतात. आपल्याकडे उंबऱ्यापुढे छाप्याची रांगोळी उमटते, अगदी तशी. त्या ठिपक्यांवरून बारीक कुंचल्याने रेघ ओढायची, मग रंग, वर पारदर्शक झिलई, आणि नऊशे अंशांपलीकडची भट्टी. कोळसा त्या आगीत जळून जातो. हाताने ओढलेली रेघ तेवढी मागे राहते. ही रेघच खरी कारागिरी, असं माझं मत. रंग भरणं त्यामानाने सोपं.

दुकानात भाचीच्या लग्नासाठी थाळी मागितली, तर दुकानदाराने नक्षीचे अर्थच मोजून दिले. डाळिंब म्हणजे भरभराट, ट्यूलिप म्हणजे प्रेम, सायप्रसचं झाड म्हणजे दीर्घायुष्य. संसाराची सगळी तरतूद एका दमात! ट्यूलिप, गुलाब, कार्नेशन, हायसिंथ ही फुलं नक्षीत रुजवली ती सुलतान सुलेमानच्या दरबारातल्या करा मेमी या चित्रकाराने. त्याच्या डोळ्यांपुढे बाग असावी; आहेराची यादी असेल असं मला वाटत नाही.

आणि अर्थच लावायचे, तर ते पुरते लावावेत. अनातोलियात काही ठिकाणी नवरी सासरच्या दारात डाळिंब आपटून फोडते. दाणे चौफेर उधळले की घर भरलं म्हणायचं. पण त्यासाठी फळ आधी फुटावं लागतं. ट्यूलिपच्या नादाने तर इस्तंबूलचं एक अख्खं पर्व ओळखलं जातं: 1718 ते 1730. त्याचा शेवट बंडाने झाला. सायप्रस सदाहरित म्हणून दीर्घायुष्याचा, आणि इस्तंबूलमधल्या उस्कुदारच्या अफाट कराजाअहमद कबरस्तानात रांगेने उभा आहे तोही हाच. दुकानदार एवढं सांगत नाही. कशाला सांगेल? लग्नघर आहे.

तरी मी सायप्रसचीच थाळी घेतली. तिच्यात त्या सरळसोट, गंभीर झाडाला फुललेली एक फांदी वेढे घालत वर चढली आहे. झाड कबरींजवळचं असेना का, फांदीला त्याची फिकीर दिसत नाही. लग्नाबद्दल याहून खरं काही सांगणारी थाळी त्या दुकानात मला दिसली नाही.

भाचीच्या सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "यात वाढायचं काय?" म्हणाल्या. मी बुडाच्या कड्याला पाडलेली दोन भोकं दाखवली. "मग भिंतीवर म्हणा की," असं म्हणत त्यांनी मुलाला हातोडी आणायला पिटाळलं.