खडूने आखलेलं न्हाणीघर

आमच्या डोंबिवलीच्या घरातलं न्हाणीघर आतून जेमतेम ३४ इंच रुंद आहे. आईने तिची शेवटची वर्षं त्या ३४ इंचांत, दार ओढून घेऊन, स्वतःची अंघोळ स्वतः केली. ज्या दोघांमुळे तिला ते जमलं, ते फरशीकाम करणारे मिस्त्री आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. या दोघांचं माझ्यावर नेमकं कसलं देणं आहे, ते लिहून ठेवायला हवं.

इमारत ऐंशीच्या दशकातली, लिफ्ट नसलेली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे संडास वेगळा आणि बाथरूम वेगळी. घरात सकाळी एकाच्या अंघोळीपायी दुसऱ्याचा खोळंबा होऊ नये हा त्यातला शहाणपणा होता. शिवाय सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या पिढीला दोन्ही एका दाराआड नको असायचं. पॅसेजच्या कडेला ३ फूट रुंदीची एकच पट्टी. तिच्यात साडेचार फूट बाथरूम, ३ फूट संडास, मधे अर्ध्या विटेची भिंत. स्लॅब खाली घेतलेला नसल्यामुळे संडासाचं भांडं आणि ट्रॅप वरच बसवून भोवती भराव घातलेला, म्हणून आत जायला चांगली उंच पायरी. तरणेपणी ती पायरी कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायला कायमची मनाई केली. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली. आयुष्यभर कुणाला न सांगता उरकायच्या गोष्टी आईला आता सांगून कराव्या लागत. तिने तक्रार केली नाही. ती फक्त पाणी कमी पिऊ लागली. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बाथरूमच्या सामानाच्या दुकानांचे उंबरे झिजवू लागले. एका दुकानदाराने मापं ऐकूनच मान हलवली आणि घर बदलायचा सल्ला दिला.

मिस्त्री शेजारच्या इमारतीत काम करत होते. माण तालुक्यातले, उमर पन्नाशीच्या पुढची, बोलणं तोलूनमापून. त्यांनी संडास-बाथरूम पाहिलं नाही. आधी आईसमोर येऊन बसले. "आजी, उठताना कुठला हात टेकता?" आईने उजवा हात पुढे केला. मग त्यांनी तिला खुर्चीवरून उठायला, वॉकर धरून चार पावलं चालायला, वळून पुन्हा बसायला सांगितलं. टेप काढला तो वॉकर मोजायला. वॉकर २२ इंच, संडासाच्या दाराची चौकट वगळून मोकळी वाट २१. दुकानदाराने कमोडचं माप विचारलं होतं. हा माणूस आईचं माप घेत होता.

संध्याकाळी ते खडू घेऊन आले. हॉलमधलं सामान भिंतीला सरकवून त्यांनी फरशीवर अख्खं न्हाणीघर खऱ्या मापात आखलं. मधली भिंत काढून टाकलेली, लांबी जवळपास ८ फूट. रुंदी मात्र ३ फूट न धरता ३४ इंच, कारण नवा मसाला आणि टाइल दोन्ही बाजूंनी इंच-इंच खाणार. कमोड अरुंद टोकाला, भिंतीच्या बरोबर मध्यावर: दोन्ही अंगांना १७ इंच. एवढी जागा असली की कोपर आपटत नाही. १५ इंचांच्या खाली ते जायला तयार नव्हते. कमोडच्या जागी खुर्ची, गीझरच्या जागी पाट. मग म्हणाले, "आजी, या आत."

आई वॉकर घेऊन खडूच्या दारातून शिरली आणि अडकली. लांब बाजूच्या दारातून आत आल्यावर काटकोनात वळावं लागत होतं, आणि ३४ इंचांत वॉकर वळेना. कागदावरच्या नकाशात हे दिसलं नसतं. मिस्त्रींनी ओल्या फडक्याने दार पुसलं, अलीकडे घेतलं, पुन्हा पुसलं, पलीकडे घेतलं. शेवटी वॉकर पॅसेजमध्येच राहू द्यायचा ठरलं. दार मधोमध, अडीच फुटांचं; दारात उभं राहिलं की समोरच हाताला दांडा, तो धरून पाऊल आत, पाठ कमोडकडे, आणि बसणं. दांड्याची उंची त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नाही. आईने हात पुढे केला तिथे पेन्सिलची खूण केली. दांडा बाहेरच्या नऊ इंची भिंतीवरच बसेल, अर्ध्या विटेच्या भिंतीवर अंगाचा भार टाकायचा नाही, असं मला बजावलं.

नव्या बांधकामाला राष्ट्रीय इमारत संहिता संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर जागा आणि १.२ मीटर रुंदी सांगते. आमच्याकडे २ चौरस मीटरच्या आसपास. जो कमीपणा भिंती हलवून भरून निघण्यासारखा नव्हता, तो त्या संध्याकाळी खडू आणि फडक्याने जितका भरता आला तितका भरला गेला.

मधली भिंत फोडण्याआधी सोसायटीच्या इंजिनीअरने पाहून लेखी दिल्याशिवाय हातोडा उचलणार नाही, हीही मिस्त्रींचीच अट. भिंतीत टाकी लपवलेला टांगता कमोड मला आवडला होता. ते म्हणाले, "ताई, टाकी लपवायला पुढे आणखी एक भिंत उभी करावी लागेल. लांबीतले पाच-सहा इंच जातील. आजींचे गुडघे कुठे ठेवणार?" त्यांनी निवडला तो साधा, पी ट्रॅपचा कमोड. त्याचा पाइप खाली न जाता मागच्या भिंतीतून सरळ डक्टमध्ये जातो, त्यामुळे भरावाची गरजच उरली नाही आणि पायरी गेली. सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवली असती तर मजुरी वाचली असती. त्यांनी गिलाव्यासकट सगळं खरवडून काढलं आणि रुंदी राखली. साबणाची फळी भिंतीबाहेर न काढता कोनाडा केला. दार सरकतं केलं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. हे ते एका हॉस्पिटलच्या बांधकामावर शिकले होते.

उतार फुटाला सूत-सव्वा सूत, म्हणजे कमोडपासून न्हाणीच्या जाळीपर्यंत इंच-सव्वा इंच. पाणी सगळं अंघोळीच्या टोकाकडे पळावं आणि आईची उठण्याबसण्याची जागा कोरडी राहावी म्हणून. हा उतार नीट साधावा म्हणून खाली फूट बाय फुटाच्याच खरबरीत टाइल.

आणि त्या जाळीखालचा ट्रॅप लोंबत होता काकूंच्या बाथरूमच्या छताला. बिडाचा, जुना, कित्येक वर्षं पाझरणारा. वरच्याची गळती आणि खालच्याची ओल यावरून सोसायट्यांमध्ये पिढ्यानपिढ्यांचा अबोला धरला जातो. काकूंनी छतावरचा तो डाग इतकी वर्षं बोलून दाखवला नव्हता. ट्रॅप बदलायचा तर फोडाफोड त्यांच्याकडे, धूळ त्यांच्याकडे, त्यांचीही बाथरूम बंद. मी शब्द जुळवत त्यांच्या दारात उभी होते. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला पायरी नको आणि मला ओल नको. करून घे एकदाचं." एवढंच. पत्र नाही, अट नाही. वर मजुरांना दोन वेळचा चहा त्यांचाच.

कोबा झाल्यावर जाळी बंद करून पाणी कोंडून ठेवलं होतं. तेव्हा काकू सकाळ-संध्याकाळ बॅटरीने आपलं छत बघायच्या आणि जिन्यातून ओरडून सांगायच्या, "कोरडं आहे गं!" आई समोरच्या घरी होती, त्यांच्याकडे कमोड असल्यामुळे त्यांनी एक खोली तिला देऊन टाकली होती. तिथून ती विचारायची, "काय म्हणाल्या?"

पहिल्या दिवशी आईने आत जाऊन दार ओढलं, आणि मी पॅसेजमध्ये उभी राहिले. आतून आवाज आला, "तू जा आता तुझ्या कामाला." त्या दिवसापासून ती पुन्हा पोटभर पाणी पिऊ लागली.

मिस्त्रींची मजुरी ठरली तेवढीच त्यांनी घेतली. आईने लुगडं दिलं, ते मात्र त्यांनी कपाळाला लावून घरच्यांसाठी नेलं. काकूंच्या बाथरूमचं छत आम्ही रंगवून दिलं. हिशेबाच्या वहीत मांडता येईल असं एवढंच.

आता मिस्त्री गावी असतात. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या सुनेने मला वर बोलावलं. तशीच ३ फुटी पट्टी, तशीच पायरी. मी टेप आणि खडू घेऊन गेले, तिच्या हॉलमध्ये रेघा ओढल्या आणि दार कुठे घ्यावं यावर अडले. गावी फोन लावला. मी लांबी-रुंदी सांगू लागले तोच त्यांनी मला थांबवलं.

"मापं नंतर सांगा, ताई. आजोबांची कुठली बाजू गेलीय?"