शेर, मापटं, चिपटं

चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारलं की आजी तीनच शब्द सांगायची: शेर, मापटं, चिपटं. शेरभर तांदूळ, मापटंभर हरभऱ्याची डाळ, चिपटंभर उडदाची डाळ. धने-जिरे ‘वासापुरते’. मिरजेच्या आमच्या घरात ही पितळी मापं कोठीच्या फळीवर एकात एक बसवून ठेवलेली असत. प्रत्येक माप आधीच्याच्या बरोबर निम्मं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. त्यामुळे पाठ करण्यासारखं काही नव्हतंच. मापं उतरवायची आणि मोठ्यापासून धाकट्यापर्यंत एकेक धान्य भरत जायचं. १९५८ पासून किलो आणि ग्रॅम आले, हळूहळू बाजारातून शेर गेला, आईच्या हाती संसार आला तेव्हा तिने मापं माळ्यावर टाकली आणि वाटी घेतली. चार वाट्या, दोन वाट्या, एक वाटी. भांडी बदलली, भाजणी तीच राहिली.

दसरा झाला की गल्लीत भाजणीचा विषय निघायचा, आणि तो निघायचा तक्रारीने. ‘काय करू हो, गेल्या साली माझ्या चकल्या दुसऱ्या दिवशीच मऊ पडल्या.’ लगेच चार घरच्या चौघी जणी वैद्यासारख्या नाडी धरायला पुढे. आच मोठी ठेवली होती का? वरून लाल झाल्या म्हणून लवकर काढल्या असतील, आतलं पाणी आतच राहिलं. तेलातले बुडबुडे थांबत आल्याशिवाय झारा लावायचा नाही. दुसरीच्या चकल्या तेलात विरघळल्या, म्हणजे मोहन जास्त. तिसरीच्या दाताला लागतात, म्हणजे मोहन कमी. चौथीच्या सोऱ्यातून पडतानाच तुटतात, म्हणजे पीठ कोरडं भिजलं, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. या बोलण्यात कृती अशी कुणी सांगतच नसे. डाळ-तांदूळ धुऊन सावलीत सुकवायचे, वेगवेगळे भाजायचे, हे सगळ्यांना ठाऊकच. देवाणघेवाण व्हायची ती बिघडलेल्याची, आणि मला आजही वाटतं, शिकण्यासारखं त्यातच जास्त होतं.

त्या गल्लीत आणखी एक गोष्ट चालायची. ती तेव्हा दिसत होती, कळली मात्र फार उशिरा. आमच्याकडे भाजणीचं प्रमाण घ्यायला येणाऱ्या एक काकू दारातल्या पायरीवर बसत. त्यांचा कांदा-लसूण मसाला आईने त्यांच्याकडूनच शिकून घेतला होता. मिरच्या कोणत्या, खोबरं किती भाजायचं, लसूण कुटताना मीठ का घालायचं, सगळं त्यांनी सांगितलेलं. पण त्यांच्या घरचं शिजवलेलं आजी खात नसे, आणि त्यांना आमच्याकडे पाणी दिलं जायचं ते वेगळ्या पेल्यातून. कृती उंबरा ओलांडून आत यायची, ती सांगणारी बाई यायची नाही. वर्षभर आमच्या आमटीला त्यांच्याच हाताची चव असायची आणि आजीला त्यात काही अडत नसे. घरोघरीच्या पाककृतींच्या आठवणी आपण फार गोड करून लिहितो. त्या पेल्याची आठवणही सोबत लिहायला हवी.

बहात्तरच्या दुष्काळात मी दुसरी-तिसरीत असेन. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीला कुणी चांगलं म्हटल्याचं आठवत नाही, पण थालीपिठाच्या भाजणीत थोडा खपतो हा शोध गल्लीत कुणीतरी लावला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या घरांत पोचला. माझी मावशी तेव्हा गोरेगावला राहायची. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध काढलेल्या मोर्चांत ती लाटणं घेऊन गेली होती. तेल, साखर, रॉकेल यांच्यासाठी बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. मोर्चा सुरू व्हायची वाट पाहताना आम्ही काय बोलत होतो माहितेय का, असं विचारून मावशीच सांगायची: कमी तेलात दिवाळी कशी उरकायची! एकीने सांगितलं म्हणे, कढई लहान घ्या, तळ खोल हवा, एका वेळी दोनच चकल्या सोडा. पदर खोचून घोषणा आणि दोन घोषणांच्या मध्ये तळणीच्या युक्त्या. मला त्यात विसंगती वाटत नाही. ज्यांना तेल किती लागतं हे चमच्याने माहीत होतं, त्याच तेलाच्या भावावर बोलायला निघाल्या होत्या.

लग्नात मला ‘रुचिरा’ मिळालं, तेव्हाच्या बहुतेक मुलींना मिळायचं तसं. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० सालचं. वाटी आणि चमचा ही मापं त्यांनी ठाम धरली आणि ‘अंदाजाने’ या शब्दाच्या जाचातून नव्या सुनांना सोडवलं. माझ्यावर या पुस्तकाचे उपकार आहेत. पण पुस्तकाला उलट प्रश्न विचारता येत नाही. ती सोय होती डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात. सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली की मांडीवर पेपर पसरून कुणी मटार सोलायच्या, कुणी मेथी निवडायच्या. कृती टप्प्याटप्प्याने मिळायची. ‘मग ते मिश्रण झाकून ठेवायचं…’ इथवर आलं की सांगणारीचं घाटकोपर यायचं, ती उतरायची आणि झाकण उघडल्यावर काय करायचं ते दुसऱ्या दिवशी कळायचं. मालवणी बाईकडून वड्यांचं पीठ, गुजराती बाईकडून हांडव्याचं पीठ आंबवण्याच्या खुणा मला याच डब्यात मिळाल्या. एका तमिळ मैत्रिणीने मुरुक्कूचं सांगितलं: तांदळाचं पीठ चार वाट्या असेल तर भाजलेल्या उडदाचं एक वाटी. चार आणि एक! मधली हरभऱ्याची डाळ काढली की आजीचंच प्रमाण. मी हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग तुम्ही उगाच त्रास का वाढवता?’ खमंगपणासाठी, हे उत्तर तिला पटलं नाही. तिला लोण्याची चव पुरेशी वाटत होती.

गिरणीतली सूचनाही मला त्याच डब्यात मिळाली आणि ती कुठल्याच वहीत लिहिलेली नव्हती: भाजणी गव्हावर दळू द्यायची नाही. जात्यात आधी गहू दळलेला असेल तर त्याचं पीठ आत राहतं, ते भाजणीत उतरतं आणि चकलीचा कुरकुरीतपणा जातो. तांदळावर किंवा हरभऱ्याच्या डाळीवर दळलं तर चालतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘त्यात काय सांगायचं, माहीतच असतं की.’ मिरजेचा गिरणीवाला दिवाळीआधी भाजणीचे डबे वेगळे काढून एकामागून एक दळायचा. आईला कधी सांगावं लागलंच नव्हतं, म्हणून तिने मलाही सांगितलं नाही.

‘ती कृती देते, पण एक जिन्नस गाळून देते’ असा संशय बायका एकमेकींवर फार घेतात. मीही ऐकत आले आहे, क्वचित घेतलाही आहे. आता मला तो बहुतेक वेळा खोटा वाटतो. गाळलं जातं ते लपवण्यासाठी नाही. सांगणारीच्या हाताला, तिच्या शेगडीला, तिच्या गिरणीवाल्याला जे आपोआप जमतं, ते तिला वेगळं दिसतच नाही. ‘मंद आचेवर भाजा’ असं आई सांगायची ती कोळशाच्या शेगडीवरून. माझ्याकडे गॅस आला तेव्हा मंद म्हणजे किती, हे आम्हा दोघींनाही नव्याने ठरवावं लागलं.

लेक न्यू जर्सीत असते. तिथे भारतीय दुकानात सगळी पिठं मिळतात, पण भाजणी दळून देणारी गिरणी नाही. पहिल्या दिवाळीत तिने तयार पिठंच कोरडी भाजून मिसळली. बरी झाली चकली, पण कच्चट वास राहिला. मग तिने डाळ-तांदूळ भाजून मिक्सरमध्ये फिरवून, दोनदा चाळून बघितलं. वाट्या तिच्याकडे आहेत, पण तिचा विश्वास वजनकाट्यावर. मी सांगितलेलं प्रमाण तिने ग्रॅममध्ये उतरवलं आणि तिथे पोह्यांनी घोळ घातला. डाळ-तांदूळ वाटीने घ्या की वजनाने, फार फरक पडत नाही. पण वाटीभर पोहे वजनाला अगदीच हलके. अर्धी वाटी म्हणजे तांदळाच्या वजनाचा आठवा भाग, असा तिने हिशेब केला आणि पोहे भाराभर झाले. फोनवर चकली दाखवत म्हणाली, ‘आई, काटे येताहेत पण तुटतेय.’ तिच्या शेजारची तेलुगू मैत्रीणही पडद्यात डोकावून तिच्या आईच्या जंतिकलूबद्दल सांगायला लागली. मी गॅसवरची भाजी उतरवून खुर्ची ओढून बसले. गल्लीतल्या त्या नाडीपरीक्षेत आता मीच वैद्य.

तर आमच्या घरचं प्रमाण असं. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, पोहे अर्धी (वाटीनेच मोजा), धने पाव वाटी, जिरे दोन चमचे. डाळ-तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून, सगळं वेगवेगळं भाजा. उडीद लाल होऊ देऊ नका, नाहीतर चकली काळपट दिसते. वाटीभर भाजणीला वाटीभर पाणी आणि चमचाभर तेल. पाणी उकळलं की त्यात हळद, तिखट, मीठ, तीळ, ओवा आणि पीठ घालून ढवळा, झाकून ठेवा, कोमट झालं की मळा. तुमच्या घरी याहून वेगळं करत असतील तर जरूर कळवा, पण नुसतं प्रमाण पाठवू नका. तुमची चकली कोणत्या वर्षी बिघडली आणि कशाने बिघडली, तेही लिहा.