वर्ष ४६, पण कोणत्या गणनेचे?

सातवाहनांचा अभ्यासक प्रथम पुराणांकडे वळतो आणि तेथेच अडखळतो. मत्स्यपुराण आंध्र राजे १९ असल्याचे सांगते आणि नावे मात्र ३० देते. वायुपुराण ३० राजे सांगून त्यातली निम्म्याहून थोडी अधिक नावे घेते. पार्जिटरने हस्तलिखिते ताडून १९१३ साली पाठ सिद्ध केला, तरी ही विसंगती उरलीच. शिवाय हा सारा वृत्तांत भविष्यवाणीचा आहे. होऊन गेलेले राजे पुराणकार ‘होतील’ म्हणून सांगतो. इतिहासकार ती क्रियापदे निमूटपणे भूतकाळी वाचतो. साहित्याच्या अभ्यासकाला तशी मुभा नाही. पुराणकाराला सनावळी सांगायची नव्हती, कलियुगाची उतरण सांगायची होती.

कोरीव लेख अधिक विश्वसनीय, असे म्हणण्याची प्रथा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा निर्वंश केला, हे नाशिकच्या पांडवलेण्यांत सांगते ती त्याची आई, बलश्री. आणि तेही नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी. १९०६ साली जोगळटेंभीला सापडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी बहुतेकांवर क्षहरात नहपानाच्या ठशावरच गौतमीपुत्राचा ठसा मारलेला निघाला. म्हणजे विजय खरा. निर्वंशाविषयी नाणी काही बोलत नाहीत, आणि काळाविषयी तर नाहीच.

काळासाठी जुन्नरला जावे लागते. नहपानाचा अमात्य अयम याने तेथे मंडप व पाण्याचे टाके दान दिले आणि ४६ हे वर्ष नोंदवले. कोणत्या गणनेचे, हे लिहिण्याची त्याला गरज वाटली नाही. ते तेव्हा सर्वांना ठाऊकच असणार. शककाल मानल्यास इ. स. १२४ येते, नहपानाचे राज्यवर्ष मानल्यास तो काही दशके मागे सरकतो. या दुसऱ्या मताला ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा आधार घेतला जातो. पण त्याच्या हस्तलिखितात आढळते ते ‘मंबानोस’; ते ‘नंबानोस’ असे दुरुस्त केले तरच नहपान हाती लागतो, आणि ही दुरुस्ती सुचते ती नहपान आधीच ठाऊक असल्यामुळे.

प्रबंधाच्या तक्त्यात मात्र एकच आकडा मावतो. ‘इ. स. १२४’ असे एकदा लिहिले की लेण्यांची शैली, रोमन व्यापार, पुळुमावीचा काळ ही पुढची प्रकरणे त्यावर उभी राहतात आणि त्यामागचा ‘मानल्यास’ हा शब्द तळटीपेतूनही गळून पडतो. अयमाने तर फक्त टाक्याची नोंद केली होती.