क्वाबिनच्या काठावर

२७ एप्रिल १९३८. एनफिल्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच चालला होता. रात्रीचे बारा वाजले आणि मॅसॅच्युसेट्समधली चार गावं कायद्यानं संपली : डॅना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट. बॉस्टनला पाणी हवं होतं, म्हणून स्विफ्ट नदी अडवायची ठरली होती. सुमारे अडीच हजार माणसं उठली. साडेसात हजारांवर थडगी उकरली, त्यातली बहुतेक नव्या दफनभूमीत नेली. मेलेल्यांना एकत्र जागा मिळाली. जिवंत मात्र वाट फुटेल तिकडे पांगले. १९३९ साली पाणी चढू लागलं, ते १९४६पर्यंत चढतच राहिलं. आज या क्वाबिन जलाशयात सुमारे ५५ टीएमसी पाणी मावतं. म्हणजे आपल्या कोयनेच्या निम्म्याहून थोडं जास्त.

टेकड्यांचे माथे आता बेटं झाले आहेत. जुने रस्ते झाडीतून उतरतात आणि सरळ पाण्यात शिरतात. डॅनाचा चौक उंचावर होता, म्हणून तो बुडाला नाही. पण घरं तिथलीही पाडलीच. उरली ती तळघरांची दगडी बांधणी, आणि त्यांच्यात वाढलेली झाडं. तिथं उभं राहिलं की कुणाच्या तरी स्वयंपाकघरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं.

फिरायला येणाऱ्यांसाठी इथं पायवाटा आहेत, विन्सर धरणाचा परिसर आहे, ठरावीक जागांवरून होडीतून मासेमारी आहे. गरुड आहेत. या राज्यातून नाहीसे झालेले बाल्ड ईगल १९८२पासून इथंच पुन्हा सोडले गेले, आणि आता ते घरटी करतात. पोहायला मात्र बंदी आहे. कुत्रंही आणायचं नाही. हे पाणी गाळणी प्रकल्पातून न जाता, फक्त निर्जंतुक होऊन नळाला येतं; त्याची राखण भोवतीचं जंगलच करतं. मला ही बंदी मनापासून आवडते. जे पाणी लोकांची घरं घेऊन साठलं, त्याच्याशी इतकं अदबीनंच वागायला हवं.

इथं मुळशी आठवल्याशिवाय राहत नाही. १९२१ साली सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले, तरी धरण झालंच, आणि वीज मुंबईला गेली. आज त्या पाण्याकाठी सुट्टी घालवणाऱ्या किती जणांना बुडालेल्या गावांची नावं सांगता येतील? क्वाबिनच्या चार गावांची नावं निदान दगडावर आणि नकाशावर आहेत. न्यू सेलमला त्या खोऱ्याच्या आठवणींचं छोटं संग्रहालयही आहे.

बॉस्टन भागातल्या अनेक मराठी घरांत वरणभाताचा कुकर याच पाण्यावर लागतो. तुम्ही तिथं राहत असाल, तर एकदा मुलांना घेऊन ४० नंबरच्या फाटकातून डॅनापर्यंत चालत जा, आणि चारही गावांची नावं त्यांना मोठ्यानं सांगा.