बेचाळिसावी पायरी

पुणे हे पेन्शनरांचे गाव, असे म्हणण्याची वहिवाट आता मोडत चालली आहे. पहाटे हिंजवडीकडे धावणाऱ्या बसगाड्या आणि त्यांत माना टाकून झोपलेली तरुण मंडळी पाहिली म्हणजे हे गाव नोकरदारांचे झाले, हे कबूल करावे लागते. तथापि जुने पुणे कोठे शिल्लक आहे याचा पडताळा ज्यांना पाहायचा असेल, त्यांनी सकाळी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी उभे राहावे. कानटोप्या, मफलर, सुनेने घेऊन दिलेले पांढरे बूट, आणि हातात काठी. काहींची टेकण्यासाठी, बहुतेकांची कुत्र्यांसाठी. हे सारे गृहस्थ एकमेकांना 'काय, आलात?' असे विचारतात. समोर उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न का विचारावा, हे मला पूर्वी कळत नसे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी समोर उभे असणे ही विचारण्याजोगी गोष्ट असते, हे अलीकडे कळू लागले आहे.

आमचे अण्णा याच मंडळींतले. २०२४ च्या दिवाळीत मी डोंबिवलीहून पुण्याला गेलो तो त्यांना घेऊन यायचे असे ठरवूनच. श्रावणात पावसाने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर ते घसरले होते. मोडले काही नाही, पण गुडघा धरला. डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितली. नाशिकहून बहिणीचा फोन आला, "दादा, अण्णांना आता एकटं ठेवणं बरं दिसत नाही." आमच्या सौभाग्यवतीने आपण होऊन एक खोली रिकामी केली. म्हणजे माझी पुस्तके पलंगाखाली गेली. आता फक्त अण्णांना सांगायचे राहिले होते, आणि ते काम माझ्याकडे होते.

अण्णा २००४ साली सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हाची पहिली दोन वर्षे आमच्या घराच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहेत. कचेरी सुटली, पण अधीक्षक सुटला नाही. दुधाचे रजिस्टर आले. गॅसच्या टाकीवर लावल्याची तारीख खडूने पडू लागली. चहाला सात मिनिटे उशीर झाला तर त्याचे कारण विचारले जाई, आणि आईने ते सांगितले तर 'समाधानकारक नाही' असा शेराही मिळे. वाण्याच्या यादीच्या तीन प्रती होत. तिसरी कोणासाठी, हे आईला शेवटपर्यंत कळले नाही. एकदा ती एवढेच म्हणाली, "अहो, तुम्ही कचेरीत जात होतात तेव्हाही आपण जेवत होतोच की!"

या सगळ्याच्या मुळाशी एक वाट पाहणे होते. कचेरीतून कोणीतरी येईल, जुनी फाइल सापडत नाही म्हणेल, 'साहेब, तुम्हीच सांगा' म्हणेल. पहिल्या वर्षी दोघे आले. त्यातला एक तर मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. दुसऱ्या वर्षी कोणी आले नाही. त्या वर्षी अण्णा दुपारी गॅलरीत बसून पेन्शनचा हिशोब करीत. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. म्हणजे २०१९ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, किती रुपये वाढतील, हे ते २००६ साली मांडून पाहत होते. वाढ मिळाली ती अगदी महिन्याच्या महिन्याला मिळाली. पण आई २०१८ सालीच गेली होती. त्या दिवशी आणलेले श्रीखंड अण्णांनी शेजारी देऊन टाकले.

मात्र आईने जाण्यापूर्वी एक काम करून ठेवले होते. २००६ च्या अखेरीस एके सकाळी तिने अण्णांच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "पर्वतीवर जाऊन या. साडेआठच्या आत परत येऊ नका, मला काम आहे." तेव्हापासून अण्णा पर्वतीवर जात होते.

भाऊबीज झाली, बहीण नाशिकला परत गेली, आणि तारीख ५ नोव्हेंबरच्या सकाळी मी अण्णांबरोबर निघालो. चढायचे नाही हे डॉक्टरांचे म्हणणे त्यांना मान्य होते. "मी चढत नाही, मी जातो," असे ते म्हणाले. त्यांना मध्येच एका पायरीवर बसवून मी वर गेलो. खूप वर्षांनी गेलो. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले देवदेवेश्वराचे देऊळ १७४९ चे. पानिपतची वार्ता आल्यानंतर याच टेकडीवर १७६१ साली नानासाहेबांनी देह ठेवला. वरून सारे पुणे दिसते. खाली सारसबाग, जिथे त्यांच्याच काळचे तळे होते, नैर्ऋत्येला सिंहगड, आणि उत्तरेला, आज इमारतींच्या आड गेलेली, खडकी.

तारीख एकदम आठवली. ५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई. बापू गोखले तिकडे लढत होते आणि दुसरे बाजीराव याच पर्वतीवरून ती पाहत होते. पुढच्या वर्षी ३ जूनला ते माल्कमच्या स्वाधीन झाले, आणि सालीना आठ लाख रुपये घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. पुण्याच्या पेन्शनरांची परंपरा सांगायची तर ती या गृहस्थांपासून सांगावी लागेल. मौज अशी की, निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. माझ्याहून चार वर्षांनी लहान! त्यानंतर ते १८५१ पर्यंत, बत्तीस वर्षे जगले. कंपनी सरकारने ती आठ लाखांची रक्कम बत्तीस वर्षे मोजली, आणि ते वारताच बंद केली. दत्तक पुत्र नानासाहेबांनी मागणी केली, अजीमुल्ला खानांना थेट लंडनला धाडले. अर्ज नामंजूर झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर कुटुंब निवृत्तिवेतन फेटाळले गेले, आणि १८५७ साली कानपुरात त्याचा जाब विचारला गेला.

बत्तीस वर्षे माणूस रोज सकाळी उठून काय करीत असेल, हा विचार काही मनातून जाईना. खरे सांगायचे तर तो विचार बाजीरावांचा नव्हता. मी २००७ साली नोकरीस लागलो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना राज्यात जुनी पेन्शन नाही, त्यामुळे आठ लाखांचा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. पण सकाळचा प्रश्न सुटलेला नाही. मला मराठी शिकवता येते आणि दुसऱ्याचे मराठी दुरुस्त करता येते. लग्नपत्रिका हातात आली की माझी नजर आधी 'आशीर्वाद'वर जाते, मग वधूवरांच्या नावांवर. 'तुम्ही रिटायर व्हाल तेव्हा ही सवयही होईल ना?' असे घरातून विचारले गेले आहे.

खाली उतरताना पायऱ्या मोजल्या. पुस्तकांतून त्या १०३ असल्याचे सांगतात. येथील पेन्शनर मंडळींत मात्र यावर एकमत नाही, कारण मोजणी कोठून सुरू करायची यावर नाही. अण्णांच्या गटाच्या मोजणीप्रमाणे ते बसले होते ती बेचाळिसावी. गुडघा धरल्यापासून अण्णा तेथवरच येतात. गंमत म्हणजे त्यांचे सोबतीही आता तेथवरच येतात. एक एस.टी.त कंडक्टर होते, एक बँकेत रोखपाल, एक शाळेत चित्रकला शिकवीत. "वर देव आहे, तो काही कुठे जात नाही," असे कंडक्टरांनी मला समजावले. मी बारकाईने ऐकत होतो. त्या तासाभरात एकानेही दुसऱ्याला 'साहेब' म्हटले नाही. अण्णांना सगळे नुसते अण्णा म्हणत होते. रोखपाल तर "अण्णा, सरका जरा" असेही म्हणाले, आणि आमचे अधीक्षक सरकले.

त्यांच्या मांडीवर आईने दिलेलीच कापडी पिशवी होती. तिच्यात टाचण्या, डिंकाची बाटली, शाईची पट्टी आणि कोऱ्या कागदांची चवड. नोव्हेंबर महिना म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे पेन्शनराला वर्षातून एकदा सिद्ध करावे लागते. २०१४ पासून बोटाचा ठसा देऊनही ते करता येते, पण आयुष्यभर भांडी घासलेल्या किंवा विटा उचललेल्या बोटांवर ठसा उरत नाही, आणि यंत्र म्हणते की हा माणूस तो नव्हे. मग अर्ज आला. अर्ज आला की अण्णा आले.

त्या दिवशी पायथ्याच्या वस्तीतली एक बाई आली होती. नवरा महापालिकेत होता, तो वारला. नवऱ्याच्या नोकरीच्या कागदांत तिच्या नावाच्या शेवटी 'णी', बँकेच्या पासबुकात 'नी'. एवढ्यावरून तिचे पैसे चार महिने अडले होते. अण्णा अर्ज लिहीत होते आणि मी खांद्यावरून पाहत होतो. हात आपोआप पुढे गेला.

"अण्णा, इथे 'णी' हवा."

"हात लावू नकोस," अण्णा म्हणाले. "बरोबर काय ते मला ठाऊक आहे. पण बँकेला बँकेचंच नाव लागतं. अर्ज 'नी'चा, आणि सोबत दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र." मग बाईकडे वळून, "तीन प्रती करतोय. एक बँकेला, एक महापालिकेला, आणि तिसरी तुझ्याजवळ ठेव. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही."

तिसरी प्रत! मला आईची आठवण झाली. जी सवय आमच्या स्वयंपाकघरात जाच होती, तीच येथे पायरीवर त्या बाईला हवी होती. अण्णा काही बदलले नव्हते. शेऱ्याचा सूरही तोच होता. फक्त अधीक्षकाला आता खरोखरच अडलेले काम मिळाले होते, आणि ते घेऊन आलेल्या माणसाला ते कधीकाळी अधीक्षक होते याची खबरही नव्हती.

मी डोंबिवलीच्या खोलीचा विषय काढण्यासाठी शब्द जुळवीत होतो. गुडघा खरा होता. उठताना अण्णांनी कंडक्टरांचा खांदा धरला आणि क्षणभर डोळे मिटले, हेही मी पाहिले. पावसाळा पुन्हा येणार होता. तेवढ्यात खालून एक म्हातारबुवा हळूहळू वर येताना दिसले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

"तुझं अक्षर बरं आहे," अण्णा मला म्हणाले. "बस इथे. हा तू लिही. मी सांगतो तसं लिही, शुद्ध करू नकोस."

मी बसलो. पायरी गार होती. चित्रकलेच्या मास्तरांनी आपली वर्तमानपत्राची घडी मला खाली घालायला दिली.

दुपारी घरी फोन केला. "अण्णा येतायत ना?" पलीकडून विचारणा झाली.

"नोव्हेंबरभर त्यांना वेळ नाही."

"आणि डिसेंबरात?"

अण्णा आतल्या खोलीत जेवणानंतर आडवे झाले होते; मला वाटले झोपले असतील. तेथूनच आवाज आला, "तिला सांग, तुझी पुस्तकं पलंगाखालून काढ म्हणावं. वाळवी लागेल."