कळंबच्या पायऱ्यांवर एक टाळी

मुलांनो, यवतमाळहून नागपूरकडे जाणारी एस.टी. पकडली की वीस-बावीस किलोमीटरवर कळंब लागतं. इथला चिंतामणी गणपती जरा वेगळाच! एरवी देवाकडे पायऱ्या चढून जायचं, इथे मात्र उतरून जायचं. गाभारा जमिनीच्या खाली आहे.

तुम्ही गेलात, तर खाली उतरून हलकीच एक टाळी वाजवा. दगडी भिंती ती घुमवून परत देतात. या टाळीनं मला एक धडा शिकवला, तो सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या गावचं भजनी मंडळ इथे आलं होतं. त्यात एकतारीवर गाणारे एक आजोबा आहेत, वय ८०च्या पुढे. त्यांची जुनी भजनं कुठल्याच वहीत नाहीत. म्हटलं, टेप करून ठेवू. पायऱ्यांपाशी रेकॉर्डर ठेवला नि निवांत बसलो. नंतर ऐकतो तर नुसता टाळांचा खणखणाट! आजोबा हळूच म्हणाले, "मास्तर, याच्यात टाळच टाळ हायेत. मी कुठी आहो?"

मला फार वाईट वाटलं.

असं का झालं? आपले दोन कान नि मेंदू मिळून नको तो गोंगाट मागे सारतात. एकट्या माइकला ते जमत नाही. पटत नाही? घुमणाऱ्या खोलीत एक कान बोटानं बंद करून पाहा. घुमणं एकदम वाढल्यासारखं वाटेल.

यंदा मी असाच कान बंद करून आधी जागा शोधली. खाली नको, वर मोकळ्यात बसायचं ठरलं. भाषणाला वापरतात तो डायनॅमिक माइक दणकट, पण तोंडाजवळ धरावा लागतो. एकतारीचा बारीक सूर दुरून टिपायला कंडेन्सर माइक बरा. त्याला मात्र वीज पुरवावी लागते. असे दोन सारखे माइक मित्राकडून आणले. ते समोरचं जास्त ऐकतात, पाठीमागचं कमी. म्हणून त्यांची पाठ रस्त्याकडे केली.

पण दोन कशाला? डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी पोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण तेवढ्यावर आपल्याला दिशा कळते! हेच ओळखून फ्रान्सच्या रेडिओवाल्यांनी एक मांडणी ठरवली: दोन माइकांत १७ सेंटीमीटर अंतर आणि तोंडं बाहेर वळवून ११० अंशांचा कोन. कंपासपेटीतला कोनमापक कामी आला की नाही!

आजोबांना मधोमध, माइकपासून चार हातांवर बसवलं. मृदंग उजवीकडे, टाळकरी मागे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कानांना हेडफोन लावला. आजोबांनी डोळे मिटले. जरा वेळानं हसून म्हणाले, "सापडलो, मास्तर!"

तुमच्याही गावात असा एखादा आवाज असेल. त्यांची परवानगी विचारा, टाळी वाजवून जागा पाहा, मगच माइक लावा. आणि हो, पुढच्या वर्षावर ढकलू नका बरं का!